वाळूचे कण रगडिता

गाडीने आचके द्यायला सुरुवात केली तेव्हा आम्हा दोघींपैकी कुणालाच नवल वाटलं नाही. काटा दोन दिवस तळाला टेकून होता आणि "अजून रिझर्व्ह आहे गं" हे माझं पालुपद मैत्रीण तेवढेच दिवस ऐकत होती. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. पुढचा पंप एक किलोमीटरवर. रात्रीची वेळ, रस्ता सपाट, आणि आपण दोघी तशा धडधाकट आहोत असा एकमेकींबद्दलचा गैरसमज. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. तिने मागून ढकलायचं, मी ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून एका हाताने स्टिअरिंग सांभाळत खांद्याने रेटायचं, असं ठरलं.

पहिल्या धक्क्याला गाडी जागची हलली नाही. दुसऱ्याला इंचभर सरकली आणि परत मागे आली. तिसऱ्याला एकदाची चालू लागली. चाकं फिरायला लागली की बरं चालतं, पण दम खायला थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून थांबायचं नाही असं ठरवूनही आम्ही चार-पाच वेळा थांबलोच. एकदा ती डिकीवर बसून म्हणाली, "काटा कशासाठी असतो, हे तुला कुणी सांगितलंच नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि उत्तर द्यायला श्वासही नव्हता. पंपावर पोचायला पाऊण तास लागला. तिथल्या मुलाने "किती?" विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "फुल."

मला आकडेमोडीची खोड आहे. दुसऱ्या दिवशी खांदे धरलेले असताना मी कागद-पेन घेऊन बसले. माझी गाडी लिटरला साधारण पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे त्या एका किलोमीटरला पासष्ट-सत्तर मिलिलिटर पेट्रोल लागलं असतं. एक छोटा कप. इथवर ठीक. पण आम्ही प्रत्यक्षात काम किती केलं? अकराशे किलोची गाडी सपाट रस्त्यावरून हळूहळू सरकवायला पंधरा किलोचं वजन पेलावं तेवढा जोर सतत लावावा लागतो. तो एक किलोमीटरभर लावला, तर त्या कामाची ऊर्जा निघते सुमारे दीडशे किलोज्यूल. पेट्रोलच्या एका मिलिलिटरमध्ये चौतीस किलोज्यूल असतात. भागाकार केला आणि मी बराच वेळ त्या उत्तराकडे बघत राहिले. आम्हा दोघींचा पाऊण तासाचा घाम म्हणजे एक चमचा पेट्रोल. मोठा चमचाही नव्हे, औषधाबरोबर येतो तो.

इंजिन त्याच कामाला कपभर पितं, कारण त्यातलं बरंचसं नुसतं तापण्यात जातं, आणि उरलेल्यातलं वेगाने हवा कापण्यात आणि ब्रेक दाबण्यात. म्हणजे कपातला एखादा चमचा कामी आला तरी आपल्याला परवडतं. मला खरी गंमत तिथेच वाटली. इतकं वाया घालवूनही परवडणारी दुसरी कुठलीही वस्तू माझ्या घरात नाही.

एका लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या बिलावरच्या नऊ युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा असते. धडधाकट माणूस दिवसभर, म्हणजे आठ तास, अंगमेहनत करतो तेव्हा त्याच्या हातून अर्धा ते पाऊण युनिट काम होतं. इंजिनाने पाऊण भाग फुकट घालवला तरी लिटरभर पेट्रोल म्हणजे एका माणसाची चारेक दिवसांची मजुरी. जग दिवसाला साधारण दहा कोटी पिंपं तेल वापरतं. पिंपात १५९ लिटर मावतात. माणशी हिशेब केला तर रोज दोन लिटर, म्हणजे प्रत्येकाच्या दिमतीला रोज आठ न दिसणारे गडी. हे सरासरीचं सांगणं आहे आणि सरासरीइतकी लबाड गोष्ट दुसरी नाही. कुणाकडे असे चाळीस गडी राबतात आणि कुणाचे स्वतःचे दोनच हात. पण माझे किती, हे मोजायला मी त्या दिवसापासून लागले.

खरं तर तेलाशी माझी ओळख त्याआधीची. आणि ती काही फार अभिमानाने सांगावी अशी नाही.

२००८ च्या जुलैमध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला होता. त्या वर्षी मी झपाटल्यासारखी तेलाविषयी वाचत होते. 'तेल संपत आलं' असं म्हणणाऱ्यांचा तेव्हा एक पंथच होता आणि मी त्यात बिनशर्त दाखल झाले होते. आमचे ऋषी होते मॅरियन किंग हबर्ट. शेल कंपनीत भूवैज्ञानिक असलेल्या या गृहस्थांनी १९५६ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत, तेल उद्योगाच्याच बैठकीत उभं राहून सांगितलं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरणीला लागेल. त्यांचा युक्तिवाद साधा होता. तेल काढायचं तर आधी सापडावं लागतं. शोधांचा आलेख जसा चढला आणि उतरला, तसाच काही दशकांच्या अंतराने उत्पादनाचाही चढणार आणि उतरणार. लोकांनी मनावर घेतलं नाही. १९७० साली अमेरिकेचं उत्पादन दिवसाला ९६ लाख पिंपांवर पोचलं आणि तिथून खरोखरच घसरायला लागलं. तीन वर्षांत अरब देशांची तेलबंदी आली, भाव चौपट झाले, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत रविवारी गाड्या बाहेर काढायला मनाई झाली आणि लोक मोकळ्या हमरस्त्यांवरून सायकली चालवू लागले. ज्याची टिंगल होते आणि मग ज्याचं खरं ठरतं, त्याच्यासारखा गुरू भक्तांना दुसरा मिळत नाही.

मी आल्यागेल्याला हबर्टचा घंटेच्या आकाराचा आलेख काढून दाखवत असे. पाहुणे लवकर उठत. मी हाताने फिरवायचा टॉर्च घेतला. मेणबत्त्यांचा एक खोका भरून ठेवला. मेणबत्तीचं पॅराफिन मेण खनिज तेलातूनच निघतं, हे मला पुढे कधीतरी कळलं. तेलाविना जगण्याची माझी सगळी तयारी तेलाचीच होती.

मग काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. २००८ साली दिवसाला पन्नास लाख पिंपांवर आलेलं अमेरिकेचं उत्पादन पुन्हा वर सरकायला लागलं. २०१८ मध्ये त्याने १९७० चा विक्रम मागे टाकला, २०१९ मध्ये एक कोटी वीस लाखांच्या वर गेलं. आणि २० एप्रिल २०२० रोजी, जग घरात कोंडलेलं असताना आणि साठवणुकीच्या टाक्या काठोकाठ भरत आलेल्या असताना, अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. उणे ३७ डॉलर ६३ सेंट. तेल घ्या आणि वर पैसेही न्या. त्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "काय गं, तुझं ते तेल संपणार होतं ना? मग जरा लवकर संपव म्हणावं, ठेवायला जागा नाही त्यांच्याकडे."

मी बरेच दिवस या विषयावर तोंड उघडलं नाही.

पण गप्प बसल्यावर माणूस नीट वाचतो, असा माझा अनुभव आहे. तेव्हा लक्षात आलं की घोळ 'संपणं' या शब्दात होता. आपल्या डोळ्यांसमोर टाकी असते. गाडीची, पाण्याची, गॅसची. टाकी भरलेली असते, मग अर्धी होते, मग रिकामी. तेलाच्या बाबतीत जमिनीखाली टाकी नाही, तळं नाही, विहीरही नाही. आहे तो दगड, बारीक छिद्रांचा, आणि त्या छिद्रांत अडकलेलं तेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणारं शेवाळ आणि सूक्ष्म जीव मेले, प्राणवायू नसलेल्या तळाच्या गाळात कुजायचे राहून गाडले गेले. (डायनोसॉरचा याच्याशी संबंध नाही. बिचारे उगाच बदनाम झालेत.) वर गाळाचे थर चढत गेले. साधारण दोन ते चार किलोमीटर खोलीवर, साठ ते एकशेवीस अंश उष्णतेत ते शिजलं आणि त्याचं तेल झालं. आच कमी पडली तर ते कच्चं राहिलं आणि जास्त झाली तर त्याचा वायू झाला. शिजलेलं तेलही वर निसटलंच असतं, पण काही जागी अभेद्य खडकाचं झाकण नेमकं वर होतं. एवढे सगळे योग जुळले तिथेच आपल्याला ते सापडतं.

आणि असं सापडलेलं तेलसुद्धा सगळं निघत नाही. आधी ते आतल्या दाबाने आपणहून वर येतं, मग दाब उतरतो, मग पाणी किंवा वायू सोडून त्याला ढकलावं लागतं. जगभरची सरासरी पाहिली तर एखाद्या साठ्यातलं एक तृतीयांशच्या आसपास तेल हाती लागतं, बाकीचं दगड सोडत नाही. पिळलेल्या फडक्यातही ओल राहते तशी. म्हणजे पृथ्वीच्या पोटातला शेवटचा थेंब कुणी कधी काढणार नाही. तो काढायला जी मेहनत पडेल तिच्यापुढे थेंबाला किंमत उरणार नाही.

मेक्सिकोच्या कँतारेलची गोष्ट मला यासाठी आवडते. रुदेसिंदो कँतारेल नावाचा एक कोळी कँपेचेच्या उपसागरात मासेमारी करायचा आणि पाण्यावर त्याला तेलाचे तवंग दिसायचे. त्याने ते सांगितलं, शोध घेतला गेला आणि १९७६ मध्ये जगातल्या अतिविशाल तेलक्षेत्रांपैकी एक हाती लागलं. त्याला नाव त्या कोळ्याचंच मिळालं. दाब उतरायला लागल्यावर २००० सालापासून तिथे अवाढव्य प्रमाणात नायट्रोजन भरायला सुरुवात झाली. उत्पादन उसळलं. २००४ मध्ये दिवसाला वीस लाख पिंपांच्या वर गेलं आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आलं. तेल संपलं का? नाही, आजही थोडं निघतं. जे संपलं ते सहज येणारं तेल.

१८५९ मध्ये एडविन ड्रेकने पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेलासाठी खोदलेली विहीर एकवीस मीटर खोल होती. २०१० साली 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या फलाटावरून जी विहीर खोदली जात होती, तिचं तोंडच मुळी दीड किलोमीटर पाण्याखाली होतं आणि समुद्रतळापासून ती आणखी चार किलोमीटर खाली गेली होती. तिचा भडका उडाला आणि अकरा माणसं गेली, तीही तारीख २० एप्रिलच. माणूस कुठून कुठे गेला याचं कौतुक वाटतंच. पण इतक्या लांब, इतक्या खोल तो हौसेने गेलेला नाही. जवळचं होतं ते आधीच काढून झालं होतं.

लहानपणी आळशी मुलांना एक म्हण ऐकवली जायची, मलाही भरपूर ऐकवली गेली. प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. तेव्हा ही अशक्य कोटीतली गोष्ट आहे असं वाटायचं, आणि म्हणणाऱ्यालाही तसंच वाटत असणार. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ती अक्षरशः खरी झालेली आहे. तिथे मैलोन्‌मैल डांबर माखलेली वाळू आहे. ती खणायची, गरम पाण्याने घुसळायची, वर आलेलं डांबर वेगळं करायचं, मग त्यावर प्रक्रिया करून तेल. १९६७ पासून हे मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. पिंपभर तेलाला साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. वाळू खोल असेल तर ती खणत नाहीत. वायू जाळून पाण्याची वाफ करतात, वाफ जमिनीत सोडतात आणि डांबर पातळ होऊन वाहायला लागलं की उपसतात.

म्हणजे वाळूचे कण रगडिता तेल गळतं. पण रगडायला किती तेल लागतं, ते म्हणीत सांगितलेलं नाही. मी दोन-तीनदा ती म्हण मनात घोळवली आणि दर वेळी त्या पहिल्या शब्दाशी अडखळले. प्रयत्ने. कुणाचे प्रयत्न, आणि त्या प्रयत्न करणाऱ्याने खाल्लं काय?

ऊर्जेच्या अभ्यासकांचा हाच प्रश्न असतो. किती ऊर्जा घातली आणि किती हाती आली. जुनी मोठी तेलक्षेत्रं आखूडशिंगी, बहुदुधी गाईसारखी होती. थोडं घाला, भरपूर काढा. डांबरी वाळूत तसं नाही. घातलेल्याच्या काही पट निघतं, पण पूर्वीसारखं कित्येक पट नाही. हे गुणोत्तर एकावर आलं की खेळ खलास, मग जमिनीखाली तेलाचा सागर का असेना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. भाव कितीही चढला तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती पैशाची नाही.

ज्या तेलाने हबर्टला खोटं पाडलं, त्या शेलच्या तेलाचीही अशीच कथा. (हा शेल म्हणजे दगडाचा प्रकार, हबर्टची कंपनी नव्हे.) हा इतका घट्ट दगड की त्यातून तेल आपणहून वाहतच नाही. खाली उभं खोदायचं, मग आडवं वळायचं, प्रचंड दाबाने पाणी मारून दगड फोडायचा आणि पडलेल्या भेगा मिटू नयेत म्हणून त्यात भरायची, काय असेल? वाळू. इथेही वाळूच. अशा विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतं. म्हणून आहे ते टिकवायलाच नव्या विहिरी खोदत राहावं लागतं. धावत्या पट्ट्यावर धावणाऱ्यासारखं, घाम भरपूर, जागा तीच. हबर्टने जमिनीखालचं तेल मोजलं, माणसाचा हट्ट मोजला नाही. आणि त्याला हसणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, पिंपं मोजली आणि हट्टाची किंमत मोजली नाही. मी दोघांच्या मधे कुठेतरी उभी आहे.

कोळशाच्या बाबतीत हे सगळं एकदा होऊन गेलं आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनला सांगितलं की आपला कोळसा महाग होत जाणार आणि त्याबरोबर आपलं वैभवही ओसरणार. यंत्रं काटकसरी करा म्हणजे कोळसा पुरेल, असं लोक म्हणाले. त्यावर त्याने स्कॉटलंडच्या लोखंडाचं उदाहरण दिलं. तिथे टनभर लोखंडाला लागणारा कोळसा एक तृतीयांशाच्या खाली आला होता, आणि एकूण कोळसा दहापट जळू लागला होता. काटकसरीमुळे लोखंड स्वस्त झालं, स्वस्त झालं म्हणून जास्त खपलं.

हे वाचताना मला माझं घर आठवलं. साठ वॉटचे पिवळे बल्ब होते तेव्हा खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं नाही तर ओरडा बसायचा. आता नऊ वॉटचे एलईडी आहेत आणि ते जिन्याखाली आहेत, आरशाभोवती आहेत, कपाटाच्या आतसुद्धा आहेत. कपाट उघडलं की आपोआप लागतात. कपाटात काय आहे ते मला अंधारातही पाठ आहे. तरी आहेत. बिल तेवढंच येतं.

जेव्हन्सची एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे. टंचाईच्या भीतीने त्याने कागदाचाही साठा करून ठेवला होता. जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये लिहून ठेवलंय की जेव्हन्स जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी त्याच्या पातळ तपकिरी कागदाचा साठा मुलांना संपवता आलेला नाही. माझ्या कपाटातला मेणबत्त्यांचा खोका मी तेव्हापासून जरा मायेने बघते.

आणि ब्रिटनचा कोळसा? त्याचं उत्पादन १९१३ मध्ये शिखरावर होतं. २०१५ च्या डिसेंबरात शेवटची खोल खाण बंद झाली, २०२४ च्या ३० सप्टेंबरला कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र. जमिनीखाली कोळसा अजून आहे. दगड संपले म्हणून अश्मयुग संपलं नाही, हे या विषयावरचं गुळगुळीत झालेलं वाक्य इथे बरोबर बसतं. फक्त एक पुस्ती जोडावी लागते. कोळशाची जागा घ्यायला तेल आणि वायू हे त्याच्यापेक्षा सोयीचे धाकटे भाऊ तयार होते. तेलाच्या धाकट्या भावाचं तेवढं सोपं नाही. पेट्रोलसारखी, बाटलीत भरून ठेवता येणारी आणि चमचाभरात दोन बायकांचा घाम मावेल अशी दुसरी वस्तू निसर्गात सहज पडलेली नाही.

त्या ढकलगाडीच्या रात्रीनंतर मला वॉटचं वेड लागलं. व्यायामशाळेतल्या सायकलवर आपण किती वॉट काढतोय ते दिसतं. मी जिवाचा आटापिटा करून तासभर शंभर वॉट काढते, म्हणजे एका युनिटचा दहावा भाग. अंघोळीचं पंधरा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. माझ्या हिशेबाने सहा तास सायकल मारायची आणि मग अंघोळ करायची, जिची तोवर खरोखर गरज पडलेली असेल.

उलट फोनचं. फोनची बॅटरी पंधरा वॉट-तासांची धरली आणि रोज पूर्ण चार्ज केला, तरी वर्षाला साडेपाच युनिटं होतात. अर्ध्या लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ मावतात. आणि मी वर्षानुवर्षं रात्री चार्जर उपटून ठेवून पुण्य जमवत होते. त्याच वर्षी मी एक लांबचा विमानप्रवास केला होता, जाताना आठ हजार किलोमीटर, येताना आठ हजार. विमानाला प्रवाशामागे शंभर किलोमीटरला तीन-चार लिटर इंधन लागतं. येऊन-जाऊन साडेपाचशे लिटर धरा. त्यात माझा फोन जवळजवळ हजार वर्षं चार्ज झाला असता. वीज तयार करताना होणारी घट धरली तरी काही शतकं. तो प्रवास गरजेचा होता का? तेव्हा वाटला होता. मजा आली होती, हे नाकारत नाही.

वॉट मोजायला लागल्यावर दिसतं की न दिसणारं बरंच आहे. जेवणातलं नत्र हवेतून खेचून खत बनवायची फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांची पद्धत १९१३ पासून कारखान्यात चालते. आज जवळजवळ निम्मी मानवजात तिच्या जोरावर जेवते, आणि त्या खतातला हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूतून येतो. माझ्या चष्म्याची काच काच नाही, तेलातून आलेलं प्लास्टिक आहे. बुटाचा तळ, टूथब्रश, औषधाच्या गोळीचं वेष्टन. मी हे फार वेळ मोजत बसत नाही, नाहीतर पुन्हा पाहुणे उठून जातील.

या सगळ्यात मी सगळ्यात उशिरा शिकले ती गोष्ट म्हणजे तेल खाली कमी पडण्याआधी वर जागा कमी पडते आहे. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. ते जळून सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण प्राणवायूचं वजन त्यात हवेतून मिसळतं. २००८ मध्ये मी चिंता करत होते की तेल पुरणार नाही. आता चिंता अशी आहे की ते पुरून उरेल.

मधे एकदा छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्या माणसाशी बोलत होते. पॅनेल कशाचं असतं, विचारलं. "सिलिकॉनचं," तो म्हणाला, "म्हणजे वाळूचंच म्हणा ना." अगदी किनाऱ्यावरची वाळू नव्हे, शुद्ध क्वार्ट्झ लागतं, पण भावंडं ती. ते भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास वितळवायचं, कार्बनने त्यातला प्राणवायू काढून घ्यायचा, मग पुन्हा शुद्ध करायचं. रगडणं इथेही आहेच, आणि त्या भट्टीला आज कोळसाही लागतो. पण बनवायला जितकी ऊर्जा लागली तितकी पॅनेल साधारण एक-दोन वर्षांत परत देतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं देत राहतं. तांबं लागतं, ज्याचं खनिज आता टक्क्याहून कमी तांब्याचं मिळतं. रात्री ऊन नसतं. बॅटरी जड असते, चमचाभर बॅटरीत काही मावत नाही. सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. तरी वाळूतून काहीतरी गळवायचंच असेल तर हा हिशेब मला अल्बर्टापेक्षा बरा वाटतो. म्हण जुळवून घ्यायला यमक तेवढं मोडेल.

गेल्या आठवड्यात वीज गेली म्हणून तो हाताने फिरवायचा टॉर्च काढला. सोळा-सतरा वर्षांत दोनदा वापरला असेल. मिनिटभर गरागरा फिरवला, मनगट भरून आलं आणि मंद, निळसर उजेड पडला. त्या उजेडात मेणबत्त्या शोधल्या. खोका जवळजवळ भरलेला होता. मैत्रीण समोर बसली होती आणि दुसऱ्या एका पाहुणीला ती गाडी ढकलल्याची कथा सांगत होती. ही कथा ती दर वर्षी दोन-तीनदा सांगते. सुरुवातीला तो एक किलोमीटर होता. मग दीड झाला. या वेळी तीन किलोमीटर होता, वाटेत चढ होता आणि बारीक पाऊस पडत होता.

मी मेणबत्ती लावली. तिला काही दुरुस्त केलं नाही.